कमी ऑइल, जास्त काम: एटीव्हीचे इंजिन ऑइल निवडण्यापासून बदलण्यापर्यंत

एटीव्ही म्हणजे कच्च्या, खडबडीत वाटेवर चालणारी चार चाकांची छोटी गाडी, हिलाच क्वाडही म्हणतात. चारशे-पाचशे सीसीच्या एटीव्हीत साधारण दोन ते अडीच लिटर ऑइल मावते. लहान ११० सीसीच्या क्वाडमध्ये तर पुरते लिटरभरही नसते. कारच्या इंजिनात चार-पाच लिटर ऑइल असते आणि ते फक्त इंजिनापुरतेच फिरते. एटीव्हीत बहुधा तेवढ्याच दोन लिटरने पिस्टन, बेअरिंग आणि कॅमशाफ्टला वंगण द्यायचे, गिअरचे दात सांभाळायचे आणि वर क्लचच्या प्लेटही भिजत्या ठेवायच्या. गाडी चालते ती चिखलात, धुळीत, कमी वेगात आणि मागे वजन ओढत. म्हणून इथे ऑइलची निवड आणि ते बदलण्याची वेळ कारच्या सवयीने ठरवून चालत नाही.

डब्यावरचे आकडे आणि अक्षरे

डब्यावर पुढच्या बाजूला मोठ्या अक्षरात १०डब्ल्यू-४० किंवा ५डब्ल्यू-४० असे लिहिलेले असते. ही एसएई ग्रेड, म्हणजे ऑइलच्या जाडपणाची प्रमाणित श्रेणी. 'डब्ल्यू'च्या आधीचा आकडा थंडीतला: इंजिन गार असताना ऑइल किती सहज वाहते ते त्यातून कळते. आकडा जितका लहान तितकी थंडीत गाडी लवकर सुरू होते आणि ऑइल वरच्या भागापर्यंत लवकर पोहोचते. ० डब्ल्यूची चाचणी उणे ३५ अंश सेल्सिअसला होते, ५ डब्ल्यूची उणे ३०ला, १० डब्ल्यूची उणे २५ला. नंतरचा आकडा इंजिन तापल्यावरचा. १०० अंशाला ऑइल किती जाड राहते, ते तो सांगतो. ४० ग्रेडचे ऑइल त्या तापमानाला १२.५ ते १६.३ सेंटिस्टोक्सच्या (जाडपणा मोजायच्या एककाच्या) दरम्यान असते, तर ३० ग्रेडचे ९.३ ते १२.५च्या दरम्यान.

बहुतेक एटीव्हींना १०डब्ल्यू-४० किंवा ५डब्ल्यू-४० चालते. पण 'बहुतेक' या शब्दावर विसंबू नये. होंडाच्या बऱ्याच इंजिनांना १०डब्ल्यू-३० सांगितलेले असते आणि पोलारिसच्या अनेक मॉडेलना ५डब्ल्यू-५०. इंजिन बनवणाऱ्याने बेअरिंगमधली फट आणि पंपाची ताकद पाहून ग्रेड ठरवलेली असते. गाडीसोबतच्या पुस्तिकेत तापमानाचा तक्ता असतो, त्यात आपल्या भागातली सगळ्यात गार सकाळ आणि सगळ्यात तापलेली दुपार शोधावी. दोन्ही ज्या पट्टीत बसतात ती ग्रेड घ्यावी. बर्फात वापरायची गाडी असेल तर ५ डब्ल्यू किंवा ० डब्ल्यू. 'जाड ऑइल घातले की इंजिन जास्त टिकते' ही समजूत घातक आहे. सकाळी गार इंजिनात २०डब्ल्यू-५० सारखे ऑइल कॅमपर्यंत पोहोचायला वेळ लागतो, आणि बरीचशी झीज नेमकी त्या पहिल्या काही सेकंदांत होते.

ग्रेडइतकीच, किंबहुना क्लच ओला, म्हणजे ऑइलमध्ये बुडालेला, असेल तर त्याहून महत्त्वाची खूण डब्याच्या मागच्या बाजूला असते: जासो एमए, एमए१, एमए२ किंवा एमबी. जासो टी९०३ हे मोटरसायकलच्या चार-स्ट्रोक इंजिनांसाठीचे जपानी मानक आहे. ऑइलमध्ये बुडालेल्या क्लच प्लेटना किती पकड मिळते, याची त्यात चाचणी होते. एमए म्हणजे ओल्या क्लचला योग्य. त्यातही एमए२ची पकड वरच्या टप्प्यातली, एमए१ची खालच्या. एमबी म्हणजे घर्षण मुद्दाम कमी केलेले ऑइल. ते बेल्टवर चालणाऱ्या कोरड्या क्लचच्या स्कूटरला ठीक, पण ओल्या क्लचच्या गाडीत घातले तर क्लच सरकायला लागतो.

आपल्या गाडीत ओला क्लच आहे का? पायाने गिअर टाकावे लागत असतील तर आहे असेच धरावे, मग हाताला क्लचचा लिव्हर असो वा नसो. लिव्हर नसलेल्या गिअरच्या क्वाडमध्ये वेगावर आपोआप पकडणारा क्लच असतो आणि तोही ऑइलमध्येच फिरतो. बेल्टच्या गाड्यांमध्ये मात्र फसगत होते. बेल्टचा डबा कोरडा दिसतो, म्हणून क्लचही कोरडा असेल असे वाटते. पण काही बेल्टच्या एटीव्हींमध्ये इंजिन आणि बेल्टच्या पुढच्या पुलीच्या मध्ये एक ओला सेंट्रिफ्युगल क्लच असतो. शंका असेल तर ग्रेड पुस्तिकेतली ठेवून त्यात एमए२चे ऑइल घ्यावे. कोरड्या क्लचच्या गाडीत एमए२ने काही बिघडत नाही.

तिसरी खूण एपीआयची (अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूटची): एसजी, एसजे, एसएल, एसएम, एसएन, एसपी. दुसरे अक्षर जितके पुढचे तितके मानक नवे. पुस्तिकेत 'एसजी किंवा त्यावरचे' लिहिले असेल तर एसएन चालते. अडचण दुसरीकडे आहे. एपीआयच्या गोल शिक्क्याच्या खालच्या कमानीत 'रिसोर्स कन्झर्व्हिंग' किंवा जुन्या डब्यांवर 'एनर्जी कन्झर्व्हिंग' असे छापलेले असेल तर ते कारचे इंधन वाचवणारे ऑइल आहे. त्यात घर्षण कमी करणारी रसायने असतात आणि ती क्लचच्या प्लेटवर बसतात. शिवाय ०डब्ल्यू-२०, ५डब्ल्यू-३० अशा कारच्या ऑइलमध्ये फॉस्फरसची वरची मर्यादा ०.०८ टक्के ठेवलेली असते, कारण फॉस्फरसने कारचे धूर शुद्ध करणारे कॅटॅलिटिक कन्व्हर्टर खराब होते. जासोच्या ऑइलमध्ये हेच प्रमाण ०.०८ ते ०.१२ टक्के असते. हा फॉस्फरस जस्ताबरोबरच्या संयुगातून येतो. ते संयुग कॅम आणि गिअरच्या दातांवर जोर पडताना मधे पातळ थर धरते, म्हणून ते एटीव्हीला हवे असते.

चुकून असे ऑइल पडले तर ओळखायचे कसे? चढावर थ्रॉटल दिला की इंजिनाचा आवाज वाढतो, पण गाडी त्या मानाने पुढे सरकत नाही. वरच्या गिअरमध्ये हे आधी जाणवते. तसे झाल्यास ताबडतोब ऑइल काढावे, एमए२ भरावे, तास-दोन तास हलके चालवून पुन्हा एकदा बदलावे. प्लेट करपल्या नसतील तर बहुधा पकड परत येते. करपल्या असतील, म्हणजे काढलेल्या ऑइलला जळका वास असेल, तर प्लेट बदलण्यावाचून इलाज नाही. याच कारणाने ऑइलमध्ये मिसळायची मॉलिब्डेनम किंवा टेफ्लॉनची बाटलीबंद 'जादू' ओल्या क्लचच्या इंजिनात कधीही ओतू नये.

मिनरल (कच्च्या तेलातून शुद्ध केलेले) की सिंथेटिक (रासायनिक प्रक्रियेने घडवलेले)? गिअर आणि इंजिनाचे ऑइल एकच असते तिथे गिअरचे दात ऑइलला तापल्यावर जाड ठेवणाऱ्या लांबलचक पॉलिमरच्या साखळ्या अक्षरशः कापत राहतात. त्यामुळे १०डब्ल्यू-४० म्हणून भरलेले ऑइल काही तासांनी तापल्यावर ३० ग्रेडसारखे पातळ वागू लागते. गिअर अडकून पडायला लागतात, न्यूट्रल सापडत नाही, ही त्याची पहिली खूण. चांगले सिंथेटिक ऑइल पॉलिमरवर कमी अवलंबून असते, म्हणून ग्रेड जास्त काळ धरून ठेवते, उष्णतेत कमी जळते आणि थंडीत चांगले वाहते. खूप उन्हात, वजन ओढायला किंवा बर्फात गाडी वापरत असाल तर सिंथेटिक घेणे योग्य. हलका वापर असेल आणि ऑइल वेळेवर बदलत असाल तर मिनरलही पुरते. सिंथेटिक घातले म्हणून बदलण्याची मुदत दुप्पट करणे मात्र चूक आहे. सिंथेटिकमध्येही धूळ आणि पाणी तितकेच मिसळते.

दोन-स्ट्रोक एटीव्हीचा हिशेब वेगळा. तिथे इंजिनाचे ऑइल पेट्रोलबरोबर जळते आणि गिअरबॉक्सचे ऑइल स्वतंत्र असते. पुढे जे आहे ते चार-स्ट्रोक इंजिनांचे.

कधी बदलायचे

किलोमीटर मोजू नका, तास मोजा. चिखलातून तासाला आठ किलोमीटरने चढणारे इंजिन रस्त्यावर तासाला पन्नासने धावणाऱ्या इंजिनाइतकेच, कधी त्याहून जास्त फिरलेले असते. किलोमीटरच्या काट्यावर ते दिसत नाही. बहुतेक गाड्यांना तासांचा मीटर असतो. नसेल तर स्वस्तातला कंपनावर चालणारा मीटर चिकटवता येतो.

नव्या किंवा नुकत्याच उघडलेल्या इंजिनाचे पहिले ऑइल साधारण पहिल्या २० तासांत बदलावे. पिस्टनच्या रिंग सिलिंडरमध्ये आणि गिअर एकमेकांत बसताना निघालेला बारीक धातू याच ऑइलमध्ये असतो. त्यानंतर मॉडेलप्रमाणे ५० ते १०० तास किंवा सहा महिने ते वर्ष, यांतले जे आधी येईल ते. बऱ्याच पुस्तिकांत एक ओळ बारीक अक्षरात असते: 'कठीण वापरात मुदत निम्मी करा'. चिखल, पाणी, धूळ, वाळू, वजन ओढणे, बर्फ ढकलणे आणि थंडीत दहा-दहा मिनिटांच्या छोट्या फेऱ्या, हे सगळे कठीण वापरात मोडते. म्हणजे एटीव्ही ज्यासाठी घेतली जाते तो जवळपास प्रत्येक वापर.

छोट्या फेऱ्यांचे नुकसान लोकांच्या लक्षात येत नाही. इंधन जळताना पाण्याची वाफ तयार होते आणि तिचा थोडा भाग रिंगांच्या फटीतून खाली ऑइलमध्ये उतरतो. इंजिन नीट तापले तर ती उडून जाते. दहा मिनिटांत बंद केले तर आतच राहते, सोबत न जळालेले पेट्रोलही. डिपस्टिकवरची पातळी आपोआप वाढलेली दिसली आणि ऑइलला पेट्रोलचा वास आला तर मुदतीची वाट न पाहता बदलावे. गाडी काही महिने उभी ठेवायची असेल तर उभी करण्याआधी बदलावे, नंतर नव्हे. जुन्या ऑइलमधले पाणी आणि आम्ल उभ्या इंजिनातही बेअरिंगवर काम करत राहते.

ऑइल काळे झाले म्हणजे संपले असे नाही. काजळी धरून ठेवणे हे त्यातल्या डिटर्जंटचे कामच आहे. रंगापेक्षा तास बघावेत.

हाताशी काय काय हवे

ऑइल, नवा फिल्टर आणि त्याच्या ओ-रिंग, ड्रेन बोल्टचा नवा वॉशर. सॉकेटचा संच, टॉर्क पाना (ठरवलेल्या जोराइतकेच आवळायला), फिल्टर काढायचा वाटीसारखा पाना, पसरट ट्रे, लांब नळीचे नरसाळे, धागे न सुटणारी फडकी आणि नायट्राइलचे हातमोजे. वापरलेले ऑइल सतत कातडीला लागणे आरोग्याला घातक आहे, म्हणून मोजे ऐच्छिक समजू नयेत. ऑइल मोजायला मिलिलिटरच्या खुणा असलेले भांडे हवेच. डब्याच्या कडेची पट्टी अंदाजापुरती असते.

काम सुरू करण्याआधी गाडी धुऊन वाळवावी. हा सल्ला नीटनेटकेपणासाठी नाही. डिपस्टिकच्या तोंडाशी साचलेला चिखल टोपण फिरवताच थेट आत पडतो, आणि बारीक वाळूइतके वाईट इंजिनाला दुसरे काही नाही. धुताना जोराच्या पाण्याचा झोत सील, ब्रीदर (इंजिनातली हवा बाहेर सोडणारी नळी) आणि एअर बॉक्सवर (एअर फिल्टरच्या डब्यावर) मारू नये. खालच्या संरक्षक पत्र्यात वाळलेला चिखल भरलेला असतो. ड्रेन बोल्टसाठी पत्र्याला भोक असले तरी एकदा पत्रा उतरवणेच बरे, नाहीतर निम्मे ऑइल त्या चिखलात मुरते आणि पुढे महिनाभर इंजिन गळते आहे असा भास होतो.

जुने ऑइल काढणे

गाडी सपाट जागेवर लावा, पार्क किंवा न्यूट्रलमध्ये टाका, ब्रेक लॉक करा, चाकांना अडसर लावा. इंजिन तीन ते पाच मिनिटे चालवा. कोमट ऑइल पातळ होऊन भरभर वाहते आणि तळाशी बसलेला गाळ सोबत घेऊन येते. लांब फेरी मारून लगेच हात घालू नका, कारण सायलेन्सर आणि ऑइल दोन्ही भाजतात. इंजिन बंद करून किल्ली काढून ठेवा.

आधी भरायचे टोपण किंवा डिपस्टिक सैल करा. वरून हवा मिळाली की ऑइल अडखळत नाही, आणि रिकाम्या इंजिनाचे टोपणच निघत नाही अशी वेळ येत नाही. तोंडावर स्वच्छ फडके ठेवा. मग ट्रे खाली सरकवा. पहिली धार सरळ खाली न पडता हातभर पुढे उडते, ट्रे त्या हिशेबाने ठेवा. ड्रेन बोल्टला सहा कोनी सॉकेटच लावा. ॲडजस्टेबल पान्याने कोपरे गोल होतात. काही लहान इंजिनांत बोल्टच्या जागी मोठे टोपण असते आणि त्यामागे स्प्रिंग आणि जाळी बसवलेली असते. ते एकदम सोडले की तिन्ही वस्तू ऑइलसकट ट्रेमध्ये पडतात, तेव्हा हाताने दाबून हळूहळू सोडा आणि क्रम लक्षात ठेवा. जाळी पेट्रोलने नव्हे तर रॉकेलने किंवा पार्ट धुण्याच्या द्रवाने धुऊन वाळवा.

ऑइलची वेगळी टाकी असलेल्या इंजिनांना, म्हणजे ज्यांना 'ड्राय सम्प' म्हणतात त्यांना, दोन ड्रेन बोल्ट असतात: एक टाकीला, एक इंजिनाच्या तळाला. एकच सोडला तर बरेच जुने ऑइल आत राहते. मग पुस्तिकेप्रमाणे पूर्ण माप ओतले की पातळी जास्त होते. ऑइल बदलताना होणाऱ्या घोळात हा घोळ फार आढळतो.

धार थांबून थेंब लागेपर्यंत दहा-पंधरा मिनिटे जाऊ द्या. उरलेले काढायला सेल्फ मारू नका. त्या वेळात बोल्ट तपासा. टोकाला चुंबक असेल तर त्यावर राखाडी लोण्यासारखा लेप दिसतो. तो गिअर आणि क्लचच्या रोजच्या झिजेचा, चिंतेचा नाही. बोटांत चुरल्यावर टोचणारे कण, चकत्या किंवा चमकदार पापुद्रे असतील तर मात्र थांबा. चुंबकाला चिकटणारे लोखंडी तुकडे गिअर किंवा बेअरिंगचे, न चिकटणारे पांढरे चमकदार कण ॲल्युमिनियमचे, सोनेरी कण बुश किंवा थ्रस्ट वॉशरचे. तपकिरी-काळा चुरा क्लचच्या अस्तराचा. अशा वेळी नुसते नवे ऑइल भरून गाडी चालवू नये, इंजिन उघडून पाहावे.

जुना वॉशर बोल्टवर नसेल तर तो इंजिनाला चिकटलेला असतो. नखाने काढून टाका, एकावर एक दोन वॉशर बसले की गळती ठरलेली. ॲल्युमिनियमचा किंवा तांब्याचा नवा वॉशर घाला. एकदा दबलेला वॉशर दुसऱ्यांदा नीट दबत नाही, मग गळती थांबवण्यासाठी माणूस बोल्ट जास्त आवळतो आणि क्रँककेसचे (इंजिनाच्या खालच्या कवचाचे) मऊ आटे निघून येतात. बोल्ट पहिले तीन-चार वेढे बोटांनीच फिरवा. अडला तर उलटा सोडून पुन्हा सरळ लावा. शेवटी टॉर्क पाना. १२ मिलिमीटरच्या ड्रेन बोल्टला बहुधा २० ते ३० न्यूटन-मीटर सांगितलेले असतात, काही इंजिनांना त्याहूनही कमी, तेव्हा आकडा पुस्तिकेतलाच घ्या. आटे पुसून कोरडे करा, कारण ओल्या आट्यांवर तोच टॉर्क बोल्टला जास्त ताणतो. आटे गेलेच तर त्यावर टेफ्लॉनची टेप गुंडाळू नका. स्टीलच्या आट्यांचा इन्सर्ट बसवून घ्या, तो मूळ आट्यांपेक्षा पक्का होतो.

फिल्टर

फिल्टर दोन प्रकारचे. पहिला डबीसारखा, फिरवून लावायचा. तो काढल्यावर जुनी रबरी रिंग त्याच्यासोबत आली का ते बघा. इंजिनावर राहिली आणि त्यावर नवा फिल्टर बसला तर दोन रिंगांमधून पूर्ण दाबाने ऑइल बाहेर फेकले जाते आणि काही मिनिटांत इंजिन कोरडे पडते. बसायची जागा पुसा, नव्या रिंगला बोटाने ऑइल लावा, हाताने फिरवा. रिंग टेकली की तिथून साधारण पाऊण वेढा, बस. पान्याने आवळू नका.

दुसरा कागदी, झाकणाच्या आत बसणारा. झाकणाचे बोल्ट बऱ्याचदा वेगवेगळ्या लांबीचे असतात, म्हणून कोणता कुठला ते ओळीने मांडून ठेवा. झाकण काढताना आतली स्प्रिंग, वॉशर आणि मोठ्या-छोट्या दोन ओ-रिंग यांचा क्रम बघा, मोबाइलवर फोटो काढून ठेवला तर उत्तम. फिल्टरच्या एका बाजूला मोकळे भोक असते, दुसरी बंद असते, आणि काहींवर बाहेरची बाजू छापलेली असते. उलटा बसवला की ऑइलची वाट अडते किंवा ते न गाळताच पुढे जाते, आणि इंजिन चालू असताना हे बाहेरून काहीच कळत नाही. ओ-रिंगना ऑइल लावून खाचेत नीट बसवा. झाकणाचे ६ मिलिमीटरचे बोल्ट साधारण १० न्यूटन-मीटरलाच थांबतात. आळीपाळीने, थोडे थोडे आवळा.

जुना फिल्टर फेकण्याआधी उघडून बघण्याची सवय लावून घ्यावी. कागदाची घडी पसरून तिच्याखालून चुंबक फिरवा. ड्रेन बोल्ट फक्त लोखंड दाखवतो, फिल्टर सगळेच दाखवतो. पुढच्या वेळच्या फिल्टरशी तुलना करता आली तर बिघाड ऐकू येण्याआधी दिसतो.

फिल्टर प्रत्येक वेळी बदलावा. अर्धा कपभर जुने ऑइल त्यातच असते. दोन लिटरच्या इंजिनात ते नव्या ऑइलला बऱ्यापैकी मळवते.

नवे भरणे आणि पातळी बघणे

पुस्तिकेत बहुधा ऑइलची तीन मापे छापलेली असतात: नुसते ऑइल बदलताना, फिल्टरसकट बदलताना, आणि इंजिन पूर्ण उघडून पुन्हा बांधल्यावर. तिसरे माप सगळ्यात मोठे असते आणि घाईत नजर त्यावरच जाते. आपल्याला दुसरे हवे. त्यातले आधी आठ-नऊ दशांश भरा. टोपण लावा, इंजिन सुरू करा, आणि ऑइलचा दिवा असेल तर तो काही सेकंदांत विझतो का बघा. नाही विझला तर लगेच बंद करा. यामाहाच्या काही इंजिनांत वरच्या भागात ऑइलच्या वाटेवर एक तपासणीचा बोल्ट असतो. तो किंचित सैल करून इंजिन मंद चालवले की तिथून ऑइल पाझरते. मिनिटभरात पाझरले नाही तर ऑइल वर पोहोचत नाही. थ्रॉटल न देता दोन-तीन मिनिटे चालू द्या, ड्रेन बोल्ट आणि फिल्टरभोवती टॉर्च मारून बघा, मग बंद करा.

दोन-तीन मिनिटे थांबून सपाट जागेवर पातळी बघा. ड्राय सम्पच्या गाडीत उलट आहे: उभ्या गाडीत ऑइल टाकीतून इंजिनात उतरते, त्यामुळे चालवून तापवल्यावर पुस्तिका सांगेल तितक्याच वेळात बघायचे. रात्रभर उभ्या गाडीची पातळी कमी दिसते म्हणून वरून ओतणे म्हणजे हमखास जास्त भरणे.

डिपस्टिक पुसून आत घालताना ती आट्यांत फिरवायची की नुसती टेकवायची? होंडा आणि यामाहाच्या अनेक मॉडेलमध्ये नुसती टेकवायची असते, काही गाड्यांत पूर्ण फिरवून घट्ट करायची असते. यात चूक झाली की पातळीत बराच फरक दिसतो. लहान इंजिनात वरच्या आणि खालच्या खुणेमधले सगळे अंतरच काहीशे मिलिलिटरचे असते. उरलेले ऑइल ५० ते १०० मिलिलिटर करत घाला, दर वेळी थोडे थांबून पुन्हा बघा. पातळी दोन खुणांच्या मधल्या वरच्या अर्ध्यात असू द्या.

जास्त ऑइल कमी ऑइलइतकेच त्रास देते. फिरणारा क्रँक त्यात बुडतो, ऑइल घुसळून फेस होतो, आणि पंपाला फेस ढकलून दाब मिळत नाही. जादा ऑइल ब्रीदरच्या नळीतून एअर बॉक्समध्ये जाते, फिल्टर भिजतो, सायलेन्सरमधून निळा धूर येतो. एअर बॉक्सच्या तळाशी ऑइल दिसले तर बहुधा हेच कारण. कमी ऑइल असले तर चढावर किंवा बाजूने कललेल्या उतारावर पंपाचे तोंड उघडे पडते आणि दाब जातो, सपाटीवर मात्र सगळे ठीक दिसते.

पत्रा परत लावण्याआधी गाडी दहा-पंधरा मिनिटे चालवून आणा आणि पुन्हा एकदा खाली बघा. तासांचा आकडा, तारीख, ऑइलची ग्रेड सीटखाली कागदावर लिहून ठेवा.

ऑइल दुधाळ दिसले तर

चहासारखे पांढुरके ऑइल म्हणजे त्यात पाणी आहे. फक्त टोपणाच्या आतल्या बाजूला थोडी पांढरी साय असेल आणि डिपस्टिकवरचे ऑइल स्वच्छ असेल तर ती थंडीतली साचलेली वाफ. एक लांब फेरी मारून इंजिन नीट तापवले की जाते. डिपस्टिकवरचेच ऑइल दुधाळ असेल तर दोन शक्यता. गाडी पाण्यात गेली असेल तर पाणी बाहेरून आले. गेलीच नसेल आणि रेडिएटरमधले पाणी कमी होत असेल तर गॅस्केट किंवा वॉटर पंपाचे सील गेले. ते दुरुस्त केल्याशिवाय ऑइल बदलण्यात अर्थ नाही.

पाण्यात बुडालेली गाडी जागच्या जागी सुरू करू नये. सिलिंडरमध्ये पाणी असेल तर पाणी दाबले जात नाही आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. स्पार्क प्लग काढून इंजिन फिरवा, एअर बॉक्स, बेल्टचा डबा आणि गरज पडल्यास इंधनही रिकामे करा. मग ऑइल आणि फिल्टर बदला, पाच-दहा मिनिटे मंद चालवा, पुन्हा काढा. काढलेले ऑइल स्वच्छ दिसेपर्यंत हे करा, बहुधा दोन-तीन वेळा लागते. यासाठी महागडे सिंथेटिक नको, योग्य ग्रेडचे साधे जासो एमए ऑइल पुरे. शेवटच्या वेळी नेहमीचे भरा. हे काम त्याच दिवशी करा. उशीर झाला की बेअरिंगवर गंज धरायला लागतो.

धुळीचा मार्ग वेगळा: ती एअर फिल्टरमधून शिरते. फोमला ऑइल न लावता बसवलेला किंवा कडेने नीट न टेकलेला एअर फिल्टर ऑइल कितीही चांगले असले तरी रिंगा खातो. ऑइल बदलताना फिल्टरनंतरच्या इनटेकच्या नळीत स्वच्छ बोट फिरवा. बोटाला माती लागली तर आधी तिथली फट शोधा.

इंजिनाबरोबर बाकीचे

पुढचे डिफरन्शियल आणि मागची फायनल ड्राइव्ह (चाकांना ताकद पोहोचवणारे पुढचे आणि मागचे गिअरचे डबे) आणि काही मॉडेलमध्ये स्वतंत्र गिअरबॉक्स यांचे ऑइल वेगळे असते आणि बरेच लोक ते वर्षानुवर्षे बदलत नाहीत. माप छोटे, बहुधा काहीशे मिलिलिटर. पुष्कळ गाड्यांना ८०डब्ल्यू-९० जीएल-५ हायपॉइड गिअर ऑइल लागते, पण ज्यांचे पुढचे चाक रोलर क्लचने आपोआप जोडले जाते त्यांना कंपनीचेच खास द्रव लागते. तिथे साधे गिअर ऑइल घातले तर फोर-व्हील-ड्राइव्ह नीट पकडत नाही. आधी भरायचा बोल्ट निघतो याची खात्री करा, मगच खालचा सोडा. ऑइल भोकाच्या खालच्या कडेला आले की पुरे, पुस्तिकेत वेगळे सांगितले नसेल तर. या डब्यांना हवा सोडायच्या बारीक नळ्या असतात. त्या चिखलाने बुजल्या की तापल्यावर आतला दाब सीलमधून बाहेर पडतो, आणि पाण्यात गार झाल्यावर तेच सील पाणी आत ओढते. दर वेळी नळीत फुंकर मारून बघावी.

काढलेले ऑइल झाकण असलेल्या कॅनमध्ये भरा. त्यात कूलंट, पेट्रोल किंवा ब्रेकचे द्रव मिसळू नका, मिसळले की ते पुन्हा शुद्ध करायला घेणारे नाकारतात. फिल्टर भोक खाली करून रात्रभर निथळू द्या आणि ऑइलसोबतच वापरलेले ऑइल गोळा करणाऱ्या केंद्रावर द्या. जमिनीवर ओतलेले ऑइल मातीतून पाण्यात उतरते आणि तिथून काढणे कुणाच्याही हातात राहत नाही.